शंभर इंचांचा पडदा

तीस वर्षं मी माणसांची मापं घेतोय. छाती, कंबर, बाही, उंची. त्यामुळे घरातल्या छोट्या थिएटरचा पडदा मीच शिवणार म्हटल्यावर विरोध करायची कोणाची काय बिशाद! मेहुणा इलेक्ट्रिशियन, प्रोजेक्टर त्याने टांगायचा. कापड माझं, वायर त्याची, अशी वाटणी झाली.

हा सगळा घाट आईसाठी होता. दोन वर्षांत तिचे कान पार गेले. टीव्हीवर खाली संवादांची ओळ येते, पण ती मुंगीएवढी. वाचता वाचता तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. दहा मिनिटांत ती उठायची आणि आत जाऊन घडी घातलेल्याच कपड्यांची पुन्हा घडी घालत बसायची. बाहेर आम्ही हसत असायचो. पडदा मोठा, तर अक्षरंही मोठी, एवढं साधं गणित होतं.

"दाजी, खोली बारा फूट लांब. त्यात शंभर इंचांचं चित्र मिळेल, वर एक इंच मागू नका," मेहुण्याने फोनवर बजावलं.

शंभर म्हणजे शंभर. मी रुंदी शंभर इंच धरली, त्या हिशेबाने उंची छप्पन्न, जाड पांढरं कापड कापलं, चौकटीवर ताणून भिंतीला ठोकलं. त्यात एक सुरकुती दाखवा, कात्री खाली ठेवतो.

रविवारी दुपारी खिडक्या झाकून प्रोजेक्टर लावला. चित्र उमटलं खरं, पण थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगात घालावा तसं. कडेने पांढरं कापड रिकामं.

"तुझं यंत्र कमी पडतंय," मी म्हणालो.

"यंत्र नाही, दाजी. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, तिरपा. तुम्ही आडवा मोजलात."

"तिरपं कोण मोजतं? उद्यापासून गिऱ्हाइकाची कंबर खांद्यापासून मोजू?"

"मग प्रोजेक्टर दीड फूट मागे न्या. शेजारच्यांच्या ओट्यावर."

बायको उशीत तोंड खुपसून हसत होती. "अहो, इतक्या वर्षांत एकदा तरी चुकलात. बरं वाटलं बघा."

मेहुणा म्हणाला, जास्तीचं कापून टाका. तेरा इंच आडवे, सात इंच उभे. मी कात्री लपवली. निदान चित्र खालच्या काठाला तरी नीट टेकव म्हटलं, काठ सरळ तर सगळं सरळ. त्याने टेकवलं.

आईला आणून मागच्या उंच खुर्चीत बसवलं. तिच्या गुडघ्यांना सोफा सोसत नाही, आणि ती खुर्ची पुढे ठेवली तर बाकीच्यांनी खुर्चीची पाठच बघायची. सोफ्यावर बायको आणि मेहुणा बसले. सिनेमा विनोदी होता. आई डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली.

"ओळ कुठाय?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. "मला वाचायला नुसतं याचं टक्कल आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही."

मेहुणा घसरून अर्धा झाला, तर मध्ये बायकोचा अंबाडा आला. आईने खुर्चीच्या हातांवर जोर दिला, उठायला. एवढा खटाटोप करून ही पुन्हा कपड्यांच्या घड्याच घालणार! मी तिचा खांदा दाबून तिला बसवलं.

"चित्र वर घे," मी मेहुण्याला म्हणालो. "पार वरच्या काठापर्यंत."

"वर कापड आहे का?"

"सात इंच आहे. माझ्या चुकीचं."

त्याने लेन्सजवळची चाकी फिरवली आणि चित्र वर सरकलं. खाली उरलेल्या पट्टीवर मी काळं अस्तर टाचण्यांनी लावलं, दोन्ही बाजूंनाही लावलं. आता डोकी आली ती काळ्या कापडापुढे. ओळ मोकळी झाली.

पाच-सात मिनिटं झाली असतील. पडद्यावरचा नवरदेव न्हाणीघरात अडकला होता आणि बाहेर सासरे दार ठोठावत होते. त्याने तोंड उघडलंही नव्हतं, तोच मागून आई खो खो हसत सुटली. अक्षरं आधी उमटतात, नट मागाहून बोलतो, म्हणून विनोद तिला आमच्या आधी पोचला होता. आम्ही तिघंही मागे वळून तिच्याकडे बघतच राहिलो, आणि तेवढ्यात तो वाक्य बोलूनही गेला.

आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. मग नवरदेव काय म्हणाला, ते आईने आम्हाला सांगितलं.