विचारायचं नाही, बघायचं

“विचारायचं नाही, बघायचं,” सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “रोज सकाळी बनियन बाजूला करून पट्टी जागेवर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. म्हातारी माणसं नुसती ‘आहे, आहे’ म्हणतात. त्या ‘आहे’वर जाऊ नका.”

ती हसली होती. “अहो सिस्टर, सासरे आहेत ते माझे!”

“मग? सासऱ्यांना छाती नसते?”

दारात उभा असलेला तिचा नवरा खो खो हसला. कॉटवरच्या बाबांनी लाजून चादर पार हनुवटीपर्यंत ओढली. “मी बघत जाईन,” नवरा म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला.

बाबांचं दुखणं मणक्यात उतरलं होतं. बरं होण्यातलं नव्हतं ते. आता उरलं होतं ते फक्त दुखू न देणं. गोळ्या पोटात ठरेनात, म्हणून डॉक्टरांनी पट्टी दिली. दोन पोस्टाच्या तिकिटांएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी. तिच्यातलं अफूच्या जातीचं, दुखणं दाबणारं औषध तीन दिवस कातडीतून हळूहळू आत झिरपायचं. दर तिसऱ्या दिवशी सिस्टर यायच्या. जुनी पट्टी सोलून, चिकट बाजू आत घेऊन दुमडायच्या आणि स्वतःच्या पत्र्याच्या डबीत टाकायच्या. नवी लावायच्या ती गळ्याच्या हाडाखाली, दुसऱ्या बाजूला. वर तळहात दाबून धरायच्या, निळ्या पेनाने तारीख घालायच्या. मग छातीला टाचलेल्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट बाबांचे श्वास मोजायच्या.

त्या घड्याळावरूनच दोघांची गट्टी जमली. बाबांनी बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली. “सिस्टर, तुमचं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय. माझे श्वास तुम्ही उधारीवर मोजताय,” असं म्हणून त्यांनी ते उघडून, साफ करून दिलं होतं.

“सोळा. छान,” सिस्टर म्हणायच्या. “या औषधाने श्वास मंदावतात. दहाच्या खाली गेले तर आधी मला फोन. रडारड नंतर.”

तेव्हापासून बाबांना नादच लागला. स्वतःचे श्वास मोजायचे, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचे मोजायचे, झोपलेल्या नातीचे मोजायचे. “भिंगरीचे सव्वीस,” असं ते एखादी बातमी द्यावी तसं सांगायचे.

भिंगरी म्हणजे तिची मुलगी. तीन वर्षांची व्हायला दोन महिने कमी, आणि पायांना चाकं लावलेली. नवरा तिला, म्हणजे बायकोला, घरात हवालदार म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती लेकीच्या तोंडात द्राक्ष जाऊ द्यायची नाही. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगांना झाकणं, फरशी पुसायचं औषध माळ्यावर. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या-बाटल्या वरच्या कपाटात, आणि किल्ली तिच्या गळ्यात. एकच औषध उघड्यावर होतं. ते बाबांच्या छातीवर होतं, आणि त्या छातीवर भिंगरी रोज दुपारी झोपायची. त्यांच्या दंडावर डोकं, आणि उजवा हात बनियनच्या गळ्यातून आत. त्याशिवाय तिला झोप म्हणून यायची नाही.

नवरा मंगळवारी कामासाठी परगावी गेला, चार दिवसांसाठी. जाताना दारातून सांगून गेला, “पट्टी बघत जा गं.”

“बघते, बघते. तू निघ.”

मंगळवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन बाबांच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिली. “बाबा, पट्टी आहे ना?”

“आहे, आहे.”

बुधवारीही तेच. बाबांचा गळा घामाने चिकचिकत होता. पंख्याखाली असूनही ते बनियनने मान पुसत होते, आणि भिंगरी कॉटवर चढून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. “बाबा, पट्टी?” “आहे गं बाई, कुठे जातेय!” बनियनचा गळा बोटभर खाली ओढायला काय लागलं असतं? पण त्या बोटभर कापडामागे सहा वर्षांचा संकोच होता. तिचाही आणि त्यांचाही. तिने कप स्टुलावर ठेवला आणि ती दूध उतू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात पळाली.

भिंगरी एक वाजता झोपली. एरवी तिची झोप म्हणजे चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. आज दोन वाजले तरी हूं की चूं नाही. तिने केस धुतले. कपड्यांच्या घड्या घातल्या. कित्येक महिन्यांनी चहा गरम असताना प्यायली आणि नवऱ्याला मेसेज केला, ‘तुझी लेक आज चक्क माणसासारखी झोपलीय.’ पुढे ते वाक्य तिने फोनमधून पुसलं. डोक्यातून मात्र ते जात नाही.

पावणेतीनला बाबांची हाक आली. मोठी नव्हती. उलट, कुणी झोपलेलं असताना मारतात तशी दबकी.

“अगं, इकडे ये जरा.”

ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत गेली. बाबा हलले नव्हते. भिंगरी त्यांच्या कुशीत, आणि त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर.

“ही नऊ श्वास घेतेय.”

“काय?”

“मिनिटाला. तीनदा मोजलं मी. नऊ, नऊ आणि आता आठ.”

“गाढ झोपलीय हो बाबा. सकाळभर काय कमी नाचलीय!”

“माझे सोळा असतात,” बाबा म्हणाले. “मी मरायला टेकलोय, तरी सोळा. उचल तिला.”

तिने उचललं. मूल झोपेतही आईला बिलगतं, मान आपोआप खांद्याचा आधार शोधते. ही मान मागे पडली, ओल्या टॉवेलसारखी. ओठ पाटीच्या रंगाचे झाले होते. “भिंगरी! ए बाळा!” गालावर थापटलं, पायाला चिमटा काढला. पापणी थरथरली तेवढीच.

तिने फोन ओढून घेतला. बाबांनी नंबर तोंडपाठ सांगितला.

“सिस्टर, भिंगरी उठत नाहीये. श्वास आठ—”

सिस्टरांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. “पट्टी कुठे आहे?”

“बाबांच्या अंगावर.”

“बघितलीत?”

मूल खांद्यावर तसंच धरून तिने दुसऱ्या हाताने बाबांच्या बनियनचा गळा खाली ओढला. लग्नानंतर पहिल्यांदा. बरगड्या, पांढरे केस, आणि गळ्याच्या हाडाखाली एक फिकट चौकोन, कडेला मळका डिंक. बाकी काही नाही.

“नाहीये,” ती म्हणाली.

बाबा स्वतःच्या छातीकडे बघत होते. “पण मी तर... आहे म्हणालो.”

“मग ती पोरीच्या अंगावर आहे,” फोन बोलला. “फोन स्पीकरवर टाका. सगळे कपडे काढा. आरपार दिसते ती, हात फिरवून शोधा.”

तिने फ्रॉक टराटरा काढला. पाठ, पोट, मांड्या, तळपाय, मानेखालचे केस. काही नाही. पुन्हा पाठ. काही नाही. गळ्यातली ती कपाटाची किल्ली मधेमधे येत होती, तिने हिसडून मागे टाकली.

“हात,” बाबा एकदम म्हणाले. “तिचा हात असतो गं इथे! उजवा!”

दंडाच्या आतल्या बाजूला, काखेत दाबलेली, घामाने गरम झालेली. तिच्यावर निळ्या पेनाने सिस्टरांच्या अक्षरात सोमवारची तारीख. तारीख वाचता येत होती. एवढ्याशा दंडावर ती किती मोठी दिसत होती.

“सापडली!”

“ओढून काढा. जागा पाण्याने पुसा, साबण नको. हात धुवा. तिला मांडीवर घ्या, हाका मारा, हलवत राहा. अँब्युलन्स मी दुसऱ्या फोनवरून बोलावते. श्वास थांबला तर मला लगेच सांगा. तोंडाने कसा द्यायचा ते सांगते. मी कुठेही जात नाहीये.”

पुढची अकरा मिनिटं त्या खोलीत दोनच आवाज होते. ती हाका मारत होती आणि बाबा दर मिनिटाला पुन्हा एकपासून मोजत होते. “एक.” मग कितीतरी वेळ काही नाही. “दोन.” पुन्हा काही नाही. “चिमटा काढ तिला! हं. तीन.” बाबांचा आवाज बेचाळीस वर्षं भिंगातून बघणाऱ्या माणसाचा होता, एकदाही हलला नाही. खालून अँब्युलन्सचा आवाज आला, तेव्हा ते सातवर होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत भिंगरीने डोळे उघडले आणि असा टाहो फोडला, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आईचा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर तेही नाही. डॉक्टरांनी तेवढी उसंतच दिली नाही.

“उतारा लवकर ओसरतो. कातडीखाली साठलेलं औषध अजून आत चाललंय. उद्यापर्यंत इथेच ठेवू, पुन्हा डोस द्यावा लागेल. पट्टी किती वेळ होती अंगावर?”

“माहीत नाही.”

“दुपारपासून? सकाळपासून?”

“माहीत नाही.”

“शेवटची जागेवर कधी बघितली होती?”

“विचारली होती,” ती म्हणाली.

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग भिंगरीकडे. “अजून अर्धा तास झोपू दिली असती ना...” एवढंच म्हणाले आणि पुढे लिहायला लागले. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं. रात्रभर ती त्या अर्ध्या वाक्याशेजारी बसून राहिली. नवरा पहाटे पोचला. त्याने आधी लेकीचे दोन्ही दंड उचलून बघितले.

गुरुवारी दुपारी भिंगरीला त्याच्यापाशी सोडून ती घरी आली. सिस्टर दारातच भेटल्या. रात्री बाबांजवळ त्याच थांबल्या होत्या.

“सकाळपासून कण्हताहेत. पट्टीला हात लावू देत नाहीत. डॉक्टरांना विचारून तोंडात थेंब द्यायला गेले, तर तेही नको. माझ्या घड्याळाची शपथ घातली, तरी नाही.”

बाबा भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. उशीचा कोपरा दातांत होता. वेदना किती मोठी आहे, ते तिला त्या उशीवरून कळलं. इतके दिवस त्या पारदर्शक तुकड्याने काय अडवून धरलं होतं, तेही.

“भिंगरी?” भिंतीलाच विचारल्यासारखं त्यांनी विचारलं.

“खेळतेय. श्वास चोवीस.”

“तू मोजलेस?”

“पूर्ण मिनिट.”

“मी न बघताच म्हणायचो गं. आहे, आहे. तुला दारात ताटकळत ठेवायला नको वाटायचं.” उशीतून आवाज फुटत होता. “ती वस्तू या घरात नको आता. माझं दुखतंय, दुखू दे.”

“मीही न बघताच विचारत होते, बाबा.”

ती मोरीत गेली, कोपरापर्यंत हात धुऊन आली. कॉटच्या कडेला बसली आणि त्यांना हलकेच उताणं केलं. त्यांनी सवयीने चादर ओढली. तिने ती खाली केली. बनियन बाजूला करून ओल्या फडक्याने गळ्याखालची जागा पुसली, कोरडी केली. बाबांनी डोळे मिटून घेतले, पण हात आडवा आणला नाही. सिस्टरांनी पट्टी पुढे केली. तिने ती लावली आणि वर तळहात दाबून धरला.

“किती वेळ धरायची?” तिने विचारलं.

“तीस सेकंद,” सिस्टर म्हणाल्या.

“एक,” मिटल्या डोळ्यांनी बाबांनी सुरुवात केली. “दोन. तीन.”

तीस झाल्यावर तिने चारी कडांना टेप लावली, तारीख घातली. पुन्हा बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

“पट्टीचं औषध चढायला उद्याची सकाळ उजाडेल. तोवर हे थेंब घ्यायचे, तोंड उघडा,” सिस्टर दरडावून म्हणाल्या. बाबांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

आता भिंगरी दुपारची झोपते ती आईजवळ, बाबांच्या खोलीतच, पण वेगळ्या गादीवर. बाबा कॉटवरून मोजतात, आई गादीवरून मोजते, आणि आकडे जुळले की मगच कुणीतरी बोलतं. एवढे दिवस झाले, तरी घर शांत झालं की ती हातातलं काम टाकून भिंगरीला बघायला जाते.

तुमच्या घरात, किंवा शेजारच्या घरात, कुणाच्या अंगावर अशी पट्टी असेल, तर हे वाचणं इथेच सोडा. आत्ता उठा आणि त्यांच्या खोलीत जा. लाजू नका, त्यांनाही लाजू देऊ नका. दारातून विचारू नका, ‘आहे’ म्हणतील. बनियन बाजूला करा आणि बघा. आणि घरात लहान मूल असेल, ते झोपलं असेल, आणि आज जरा जास्तच वेळ झोपलं असेल, तर आधी त्याच्याकडे जा.