निवळी लाल झाली

सातवीच्या मुलांकडून ममता टीचरनी आठवडाभर तालीम करून घेतली होती. स्नेहसंमेलन लांब होतं, ही तालीम विज्ञानाच्या तासाची होती. रोहितने कधी हात वर करायचा, सान्वीने कुठला प्रश्न विचारायचा आणि चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की सगळ्यांनी एका सुरात काय म्हणायचं, हे पक्कं ठरलं होतं. पाहुणे यायचे असले की घरी लोक पसारा आवरतात आणि शाळेत मुलं आवरतात.

पाहुणे म्हणजे संस्थेचे सचिव गुणवंतराव. भाईंदरजवळच्या राई गावातलं जुनं शेतकरी घराणं, स्वतः याच शाळेत शिकलेले. माणूस वाईट नव्हता, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की तिला तिथून हलवायचं म्हणजे महामुश्कील. सध्या त्यांच्या डोक्यात मोठा स्क्रीन बसला होता. मराठी शाळेत मुलं टिकवायची तर पालकांना काहीतरी दाखवायला हवं, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेची कपाटं तशीही बंदच असतात, तर ती खोली मोकळी करून तिथे डिजिटल वर्ग करू, असं त्यांचं म्हणणं.

"प्रयोग स्क्रीनवर पण दिसतात, टीचर," ते शिक्षकांच्या मीटिंगमध्ये म्हणाले होते. "आणि तिथे काच फुटत नाही."

बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या ममता टीचर म्हणाल्या, "सर, एक तास येऊन बघा तरी. मग काय ते ठरवा."

"ठीक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो," गुणवंतराव म्हणाले. "पण आवडलं नाही तर खोली गेली, हां."

टीचर घरी गेल्या त्या चडफडतच. राग सचिवांचा होता, पण अर्धा स्वतःचाही होता. कपाटं बंद असतात हे काही खोटं नव्हतं. मुलांच्या हातून बीकर फुटतात म्हणून कुलूप त्यांनीच लावलं होतं, आणि गेली काही वर्षं प्रयोग फळ्यावर रंगीत खडूंनी होत होते. बुन्सेन बर्नर तर त्या इतका हुबेहूब काढायच्या की मुलांना खरा बघायची गरजच वाटली नसावी. तरीही त्या खोलीवर त्यांचा जीव होता. दुपारी कुणी नसताना त्या तिथे जाऊन बसायच्या. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, खिडकीतून लांबवर मिठागरं आणि त्यांच्या मागून सरकत येणाऱ्या नव्या इमारती. कॉलेजात केमिस्ट्री शिकताना जी मजा आली होती, ती या खोलीत आलं की परत आठवायची. ती खोली गेली असती तर टीचरना रडू आलं असतं, आणि आपणच ती बंद ठेवून घालवली हे जन्मभर टोचलं असतं.

आता मधे एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. शाळेचा शिपाई लवू, मुलांचा लवूमामा, हा उत्तनकडचा माणूस. देवाधर्माच्या बाबतीत अगदी कडक. खंडेनवमीला शाळेतल्या एकूण एक हत्याराची पूजा तो करायचा. घंटा, झाडू, पाण्याची मोटार, ऑफिसातला प्रिंटर, कुणीही सुटायचं नाही. यंदा सचिव प्रयोगशाळा बघायला येणार हे कानावर आल्यामुळे त्याने टीचरकडून किल्ली मागून घेतली आणि कपाटातल्या वस्तू बाहेर मांडून प्रत्येकीला हळदीकुंकू वाहिलं. बीकरच्या गुळगुळीत काचेवर हळदीकुंकू टिकेना, म्हणून त्याने ते तोंडाच्या आतल्या कडेला चांगलं दाबून लावलं. भावना एवढी शुद्ध होती की हात जरा सैलच सुटला.

सचिव यायच्या सकाळी टीचर बघतात तो काय, सगळी काच सवाष्णीसारखी नटलेली!

"लवूमामा, हे धुऊन नाही का ठेवायचं?"

"धुवाचा?" लवूमामा दचकलाच. "दसऱ्याचा टिळा कोन पुसतो काय, टीचर? आपोआप जाल तवा जाल. मी त न्हाय पुसनार."

धुवायला वेळही नव्हता. गेटवर गाडी थांबल्याचा आवाज आला. प्रयोगशाळेत येऊन बसलेल्या मुलांसमोरच टीचरनी हाताला लागेल तो बीकर उचलला, लाल दिसलं तेवढं ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं आणि तो टेबलावर ठेवला. जुन्या काचेला तशीही पिवळट झाक होती, त्यामुळे आणखी काही पुसायचं राहिलंय असं त्यांना वाटलं नाही.

तास सुरू झाला. गुणवंतराव मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. बाक लहान आणि माणूस ऐसपैस. टीचरनी चुन्याची निवळी म्हणजे काय ते सांगितलं. चुन्यात कॅल्शियम हे मूलद्रव्य असतं, चुना पाण्यात ढवळून ठेवला की वर जे नितळ पाणी येतं ती निवळी, आणि आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते. ठरल्याप्रमाणे सान्वीने प्रश्न विचारला. ठरल्याप्रमाणे टीचरना तो आवडला. मग त्यांनी बाटलीतली निवळी बीकरमध्ये ओतली, आणि ती लाल झाली.

लाल म्हणजे लालच. कडेवरून लाल ओघळ उतरले, तळाशी पसरले आणि बघता बघता सगळ्या निवळीला विटकरी रंग चढला. अजून कुणी फुंकरही मारली नव्हती.

टीचरचा हात हवेतच थांबला. आणि नेमका त्याच क्षणी रोहित उठला. गुणी मुलगा. टीचरचा हात थांबला की उठायचं, हे त्याला पाठ होतं. लाल बीकरकडे बघत तो खणखणीत आवाजात म्हणाला, "टीचर, निवळी दुधाळ झाली!"

"निवळी दुधाळ झाली!" वर्ग एका सुरात म्हणाला.

मागच्या बाकावरून गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "मला लाल दिसतंय. डोळे तपासायला हवेत का माझे?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. टीचरचे कान तापले. हे ओतून टाकावं, बाटली खराब होती म्हणावं, दुसरा बीकर घ्यावा, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण रोहितचा चेहरा बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगं समोर लाल बघत होतं आणि दुधाळ म्हणत होतं, कारण त्यांनीच त्याला तसं शिकवलं होतं. गेली खोली तर गेली, असं त्यांना एकदम वाटलं.

"रोहित, खाली बस. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "निवळी लाल झालीये. का झाली, मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. याचं उत्तर टीचरकडेच नाही म्हटल्यावर मुलांची जरा पंचाईतच झाली. मग रोहितच हळूच म्हणाला, "टीचर, कुंकू असेल. लवूमामाने लावलेलं ना."

"हो टीचर, लाल रंग कुंकवाचाच!" चार जण ओरडले.

सान्वी उभी राहिली. या वेळी तिला कुणी उठवलं नव्हतं. "पण टीचर, तुम्ही ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा आतमध्ये पाणी लागलं ना? तेव्हा कुठे लाल ओघळ आले?"

"बघू या की," टीचर म्हणाल्या, आणि मुलांसाठी वर्षानुवर्षं बंद असलेलं कपाट त्यांनी सताड उघडलं. "या पुढे. पण जपून."

अख्खा वर्ग टेबलाभोवती जमला. लवूमामाकडून पूजेचं तबक मागवलं. तो दारातच घुटमळला. "माझ्याकडना काय चुकी झाली काय?"

"चुकी नाही, मामा. तुमच्यामुळे तर मजा येतेय," सान्वी म्हणाली.

एका टेस्ट ट्यूबमध्ये कुंकू आणि साधं पाणी घातलं. ताबडतोब लाल. म्हणजे बीकरमध्ये कुंकू राहिलं असतं तर ओल्या फडक्यानेच ओघळ आले असते. मग उरलं काय? सगळ्यांचे डोळे तबकातल्या हळदीवर गेले, आणि टीचरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हळद चुन्यासारख्या अल्कलीत लाल होते! दरवर्षी त्या हे फळ्यावर लिहायच्या, खाली अधोरेखितही करायच्या. आणि समोर घडलं तेव्हा त्यांनाच ते ओळखू आलं नव्हतं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते ओठ दाबून आतच ठेवलं. शिक्षकाला याहून अवघड दुसरं काम नसेल.

रोहितने पाण्यात हळद घातली. पिवळं. मग निवळीचे थेंब सोडले, आणि ट्यूब लाल झाली. "अरे, हो गया! हो गया!" असा हिंदीत गिल्ला झाला. आनंदाला वर्गात मराठी सुचत नाही, ही भाईंदरची जुनी तक्रार.

"टीचर," सान्वी म्हणाली, "आता बीकरमधल्या या लालमध्ये फुंकर मारली तर?"

"काय होईल, सांगा."

"दुधाळ!" "गुलाबी!" "काहीच नाही!"

"लालचं लालच राहणार," मागून आवाज आला. गुणवंतराव बाकातून कसेबसे सुटून टेबलापाशी आले होते. "एकदा चढलेला रंग असा फुंकरीने उतरत नाही."

"सर, मग तुम्हीच मारून बघा," रोहित म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

पण सचिवांनी खरंच स्ट्रॉ घेतला. गाल फुगवून ते बुडबुडे काढू लागले. कपाळावर घाम आला, चष्मा घसरला, तरी माणूस थांबेना. हळूहळू लाल रंग विटला, मग फिकट केशरी झाला, आणि शेवटी बीकरमध्ये पिवळसर दुधाळ पाणी राहिलं, हळद घातलेल्या दुधासारखं. मुलांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. गुणवंतराव स्ट्रॉ हातात धरून बीकरकडे बघतच राहिले.

"पण टीचर, पुस्तकात तर लिहिलंय, परत पहिल्यासारखं होतं तो भौतिक बदल," सान्वी म्हणाली. "हे परत पिवळं झालं. मग हा भौतिक आहे?"

"नाही गं, रंगच बदलला तर भौतिक कसा?" रोहित म्हणाला.

"पुस्तकाने सोपं करून सांगितलंय," टीचर म्हणाल्या. "सगळेच रासायनिक बदल एका दिशेने जात नाहीत. पण माझ्यावर विश्वास ठेवून लिहू नका. यात परत निवळी घातली तर काय होईल, ते बघा."

घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. पुढच्या तासाच्या सरांनी दारातून डोकावून बघितलं आणि सचिवांना टेबलाशी उभं बघून ते गुपचूप परत गेले.

गुणवंतराव निघाले तेव्हा टीचर त्यांना पोहोचवायला व्हरांड्यात आल्या. मन शांत होतं. खोलीचं काय व्हायचं ते होवो, असा तास त्यांनी कित्येक वर्षांत घेतला नव्हता, आणि तो आनंद कुणी काढून घेणार नव्हतं.

"टीचर, खरं सांगा," गुणवंतराव चष्मा पुसत म्हणाले. "लाल का झालं, ते तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? की आमच्यासाठी नाटक?"

"नाटक आधीचं होतं, सर. ते फसलं," टीचर म्हणाल्या. "लाल झाल्यावर मला खरंच काही कळलं नाही."

"आणि फुंकरीने परत पिवळं होईल, हे?"

"तेही कधी करून बघितलं नव्हतं."

गुणवंतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खोलीकडे बघितलं. आत मुलं कशावरून तरी कडाकडा भांडत होती.

"मग खोली राहू दे," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असतं, तर ते स्क्रीनवरही दाखवता आलं असतं."