वेशीबाहेरचे व्हँडल

माझी मुलगी व्हँडल? ऐकलं आणि माझं डोकंच सटकलं.

चौथीच्या वर्गाचं नाटक. व्हँडल लोक ऱ्हाइन ओलांडून रोमन साम्राज्यात घुसले त्याला त्या वर्षी, २००६ साली, सोळाशे वर्षं होत होती, म्हणून ड्युसेलडॉर्फच्या आमच्या शाळेत हे खूळ. गोऱ्यागोमट्या पोरी रोमन, आणि आमची शमिका फाटकं पोतं पांघरून आरडाओरडा करणार! संवाद एकही नाही. मी इथे इतकी वर्षं गिअरबॉक्स डिझाइन करते, टॅक्स भरते, ते काय यासाठी?

“मम्मा, मला आवडतंय ते. गाडा ओढायला मिळतो,” शमिका जर्मनमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनच.

“तू गप्प बस.”

माझ्या सासूबाई, अंजनाबाई, नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. “कोण गं हे व्हँडल?” त्यांनी विचारलं. मी येरझारा घालतच सांगितलं, “रोमच्या सीमेबाहेरचे लोक, आई. मागून हूण आले, पोटात भूक. रोममध्ये खुर्चीवरून मारामाऱ्या, सीमेकडे बघतो कोण? हे बायकापोरांसकट नदी ओलांडून आले. पुढे रोमही लुटलं.”

“बायकापोरं घेऊन कोणी लुटायला निघतं का?” आई म्हणाल्या. “आमचंही घर गावाच्या वेशीबाहेरच होतं. आत पाऊल टाकलं की हाकलायचे. आम्ही काय लुटणार होतो त्यांचं?”

“म्हणूनच तर! माझी मुलगी वेशीच्या आत उभी राहणार.”

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडले. बाई नुसतं “आल्झो... आल्झो...”, म्हणजे आपलं ‘तर... तर...’, करत राहिल्या, मी हटले नाही. शमिका रोमन झाली, वेशीवरची पहारेकरी. वर एक वाक्यही मिळालं. पोतं गेलं वर्गातल्या झैनबकडे. ती इराकहून नुकतीच आलेली. तिच्या आईला जर्मन येत नव्हतं, ती कुठली भांडायला येतेय?

शमिका माझ्याशी बोलेना. बोलेल, म्हटलं. जाते कुठे!

नाटकाच्या दिवशी मला खुर्चीत बसवेना. सारखी उठत होते, पुन्हा बसत होते. स्टेजवर पुठ्ठ्याची वेस, निळ्या चादरीची नदी. झैनब गाडा ओढत आली. गाड्यात एक बाहुली, दुपट्यात गुंडाळलेली. शमिकाने भाला आडवा धरला आणि थेट माझ्याकडे बघत खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, “बाहेरच राहा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात आई वाजवत होत्या. जर्मनचा त्यांना गंध नाही, पण नात बोलली ना!

“काय म्हणाली गं आपली शमिका?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“‘आत या’ म्हणाली, आई.”

आईंचे हात थांबले. चष्मा सावरून त्या स्टेजकडे बघत राहिल्या.

“मग ती पोरगी अजून बाहेर का उभी आहे गं?”