राखेवरचं पिंप

निडरबाखच्या किलियन होर्नुंगनं बनवलेलं पिंप गळत नाही, हे मिसुरी नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. एकदा एक आगबोट बुडाली, तेव्हा तिचा कप्तान किलियनच्या रिकाम्या पिंपात बसून सेंट लुईच्या धक्क्याला लागला. उतरला तेव्हा त्याच्या चिलमीतला विस्तवसुद्धा विझला नव्हता. खोटं वाटत असेल तर कप्तानालाच विचारता आलं असतं, पण तो पुढच्या वर्षी पुन्हा बुडाला. त्या वेळी पिंप दुसऱ्या कुणाचं होतं.

असा हा किलियन. जर्मनीतून आला तेव्हा अंगावरचा कोट आणि हातातला रंधा एवढीच त्याची इस्टेट होती. पहिला हिवाळा त्यानं स्वतःच्याच पिंपात झोपून काढला. म्हणे सकाळी झाकण आतून उघडून "गुड मॉर्निंग" म्हणायचा आणि गिऱ्हाईक घाबरून दोन पिंपं घेऊन जायचं. पुढं टेकडीवरच्या द्राक्षमळेवाल्यांनी त्याला उचलून धरलं, घर झालं, जुन्या देशातून बायको आली. आणि पस्तिशी पुरी व्हायच्या आत छातीत कफ भरला, ताप चढला, आणि नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणासाठी गावात घरोघर बदकांच्या माना मुरगळल्या जात होत्या, तेव्हा किलियननंही मान टाकली.

सणाच्या दिवशी, दुपारच्या घंटेला त्याला न्यायचं ठरलं. पुढच्या खोलीत किलियन पेटीत निजला होता आणि स्वयंपाकघरात त्याची बायको आपोलोनिया, म्हणजे प्लोनी, हातात काळा रुमाल घेऊन बसली होती. शेजारची वाल्बुर्गाकाकू स्वतःच्या घरून आणलेला राईचा पाव कापत होती.

"तुला म्हणून सांगते, प्लोनी," काकू म्हणाली. ती जे 'तुला म्हणून' सांगे, ते संध्याकाळपर्यंत नदीपलीकडच्या गाईंनाही कळे. "छातीचा ताप आमच्या ह्यांनाही झाला होता. मेले का? अजून बसलेत माझ्या उरावर. मग तुझा बैलासारखा नवरा मरतो कसा?"

"देवाची मर्जी, काकू."

"देवाची, की त्या योब्स्टची?"

 ही पाल प्लोनीच्याही मनात केव्हाची चुकचुकत होती.

योब्स्ट वसंतात आला होता. किलियनच्याच जुन्या गावचा, त्याच्याच धंद्यातला. हाडकुळा, कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्यानं काहीतरी चोरलंय असं वाटायला लावणारा. किलियननं त्याला कामाला ठेवला, पण झालं उलटंच. हा नोकर असून मालकावर डाफरायचा. पडवीतून दोघांची भांडणं ऐकू येत आणि प्लोनी दारात आली की दोघे एकदम हवापाण्यावर बोलू लागत. एकदा तिनं किलियनला म्हणताना ऐकलं होतं, "काही झालं तरी तिला कळता कामा नये." आणि योब्स्ट म्हणाला होता, "मग लवकर उरक." त्यानंतर पंधरवड्यात किलियन अंथरुणाला खिळला आणि त्याला काढा पाजायला कोण बसलं? योब्स्ट.

"तो काढा कुणी पाहिलाय?" काकू म्हणाली. "आता बघ, उद्या पिंपांचा धंदा त्याच्या घशात. कुठंतरी पाणी मुरतंय, पोरी. आमचा जावई बाल्टेस घोड्यावर खोगीर घालून उभाच आहे. तू नुसती मान हलव, तो शेरीफला घेऊन येतो. लोकांनी तर फासाचा दोरसुद्धा पाहून ठेवलाय."

प्लोनीनं मान हलवली नाही. पण ती उठली. एक काम अजून राहिलं होतं आणि त्यातच तिला काय ते कळणार होतं.

घरचा धनी गेला की तो उंबऱ्याबाहेर पडायच्या आत मधमाश्यांच्या पेट्यांना, गोठ्यातल्या गाईला आणि घरातल्या प्रत्येक पिंपाला ठोठावून सांगावं लागतं: धनी गेला, तुम्ही जाऊ नका. नाही सांगितलं तर माश्या उडून जातात, गाय आटते आणि वाइन आंबते. गावात एकानं कंटाळा केला, तर त्याच्या कोबीच्या पिंपातला कोबी उठून शेजाऱ्याकडे गेला, असं सांगतात.

दाराशी योब्स्ट उभा होता. "मी सगळ्यांना सांगून आलोय," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"थोरल्या कारागिरानंच सांगायचं असतं."

"मी पुन्हा सांगेन," प्लोनी म्हणाली, आणि किलियनची लाकडी हातोडी उचलून पडवीकडे निघाली. मागोमाग पाव हातात घेऊनच काकू, आणि काकूमागे अंगणात जमलेली चार माणसं.

प्लोनी पिंपवाल्याची पोर. जुन्या देशात तिचा बाप उस्ताद होता, पिंपवाल्यांच्या पंचायतीनं पारखून पास केलेला. तिथं पंचायतीनं उस्ताद म्हटल्याशिवाय ना दुकान काढता येई, ना लग्न करता येई. "उस्तादाची पोर उस्तादालाच," असं बाप म्हणाला होता आणि किलियन म्हणाला होता, "मी दुसऱ्या शहरात पास झालोय." त्यामुळं पिंपाचा आवाज तिला कळत होता. रिकामं गातं, भरलेलं हुंकार देतं. ती एकेका पिंपावर टकटक करत म्हणत गेली, "धनी गेला, तू जाऊ नको."

कोपऱ्यातल्या पिंपाजवळ योब्स्ट आडवा आला.

"ह्याला नको."

"का?"

"ह्याला सांगून झालंय. घंटेपर्यंत ह्याला हात लावायचा नाही."

पिंपावर गोणपाट टाकलं होतं. दोन ठोकळ्यांवर ते चढवलं होतं आणि खाली जमिनीवर बारीक चाळलेली राख पसरली होती, पिठीसारखी.

"राख!" काकू किंचाळली. "चेटूक आहे चेटूक! बघा, मी म्हटलं नव्हतं? त्यात विषाची बाटली असेल, नाहीतर मढं!"

"मढं पुढच्या खोलीत आहे, काकू," योब्स्ट म्हणाला.

"बाजूला व्हा," प्लोनी म्हणाली.

"बाई, पाया पडतो. ठोकू नका."

हा माणूस कधी कुणाच्या पाया पडल्याचं प्लोनीनं ऐकलं नव्हतं. तेवढ्यानं तिची उरलीसुरली शंकाही खात्रीत बदलली. तिनं गोणपाट ओढलं आणि हातोडी टकटक न करता, चांगली अंगाची ताकद लावून हाणली.

"धनी गेला!"

पिंपानं जड हुंकार दिला. काठोकाठ भरलेलं होतं. योब्स्टनं तोंड झाकून घेतलं, जणू फटका त्यालाच बसला.

"काय आहे आत?"

"पाणी."

"आणि?"

"पाणीच. नदीचं." योब्स्ट ठोकळ्याशेजारी खाली बसला. "आता सांगतो, मग शेरीफला बोलवा. तुमचा नवरा उस्ताद नव्हता, बाई. कुठल्याच शहरात पास झाला नव्हता. तुमच्यासाठी खोटं बोलला. मी आलो, मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, अरे, ह्या देशात पंचायत नाही, काही नाही, कोण विचारतंय? तो म्हणाला, ती विचारते. रोज उस्तादाची बायको म्हणून ताठ चालते, तेव्हा दरवेळी ती मला विचारतेच. तू उस्ताद आहेस, तू माझी परीक्षा घे."

 काकूसुद्धा पाव चावायची थांबली.

"दोन पिंपं मी नापास करून जाळली. ती राख त्यांचीच. हे तिसरं. सेंट मार्टिनच्या दुपारच्या घंटेपर्यंत राखेवर थेंब पडला नाही, तर पास. ह्याच्या फळ्या आतून शेकोटीवर तापवून वाकवल्या आणि घामाघूम अंगानं तो तसाच पाणी आणायला नदीत उतरला. गार पाणी फट लवकर शोधतं म्हणून. मी म्हटलं, अंग निवू दे. ऐकला नाही. काढा पाजून पाजून मी थकलो." त्यानं प्लोनीकडे पाहिलं. "तेव्हा मीच मारला म्हणायचं तर म्हणा. पहिलंच पास केलं असतं, तर जगला असता."

"मग का नाही केलं?" प्लोनी ओरडली.

"गळत होतं," योब्स्ट म्हणाला.

आणि त्याच क्षणी टेकडीवरची घंटा वाजली. सगळ्यांनी टोप्या काढल्या, डोळे मिटले, क्रूस केला. प्लोनीनंही हात कपाळाला नेला, पण डोळे मिटले नाहीत. तिनं खाली पाहिलं.

राखेत एक थेंब पडला होता. मुगाएवढा काळा ठिपका. कडेला ओला होता अजून.

हा किलियनचा थेंब, की तिच्या हातोडीचा? सकाळी होता का? फटका बसला नसता, तर पडला असता का? हे ना योब्स्ट सांगू शकत होता, ना जुन्या देशातली अख्खी पंचायत. सांगू शकणारा पुढच्या खोलीत गप्प निजला होता. मोठा लबाड, आयुष्यात एकदाच खोटं बोलला आणि त्यासाठी मेला.

प्लोनी एक पाऊल पुढं झाली आणि नवऱ्याच्या पिंपावर ओणवी होऊन तिनं त्याला मिठी मारली. तिच्या सुतकी काळ्या घागऱ्याचा घोळ राखेवरून सपकन फिरला.

घंटा थांबली. योब्स्ट उठला, वाकला, राखेकडे बघत राहिला. इतका वेळ, की काकूच्या हातातल्या पावाचे तुकडे खाली पडू लागले.

"कोरडं," तो म्हणाला. मग खिशातून सुतारी पेन्सिल काढून तो पुढच्या खोलीत गेला आणि कबरीसाठी भिंतीला टेकून ठेवलेल्या लाकडी क्रुसावर, किलियनच्या नावाआधी, जागा कमी होती तरी दाबून दाबून लिहिलं: उस्ताद.

बाल्टेसनं घोड्याचं खोगीर उतरवलं. त्याच्या चेहऱ्यावरून घोड्यापेक्षा तोच जास्त हिरमुसलेला दिसत होता.

मिरवणूक टेकडी चढू लागली. सहा जणांनी पेटी उचलली होती, पुढं पाद्री, मागं प्लोनी. काकू तिला चिकटून चालत होती आणि काकूचे डोळे जमिनीवर होते. त्या डोळ्यांतून सुई सुटत नसे.

"प्लोनी, अगं, तुझ्या घागऱ्याला राख कसली गं एवढी?"

प्लोनीनं घोळ मुठीत गोळा केला. इतके महिने काकूच्या एकाही प्रश्नाला ज्यानं कधी उत्तर दिलं नव्हतं, तो योब्स्ट पेटीचा दांडा खांद्यावर सांभाळत, मागं न बघता म्हणाला, "चुलीतली असेल."

म्हणजे ह्यानं पाहिलं होतं. प्लोनीनं त्याच्या पाठीकडे टक लावून पाहिलं. पाहिलं होतं, आणि तरी कोरडं म्हणाला. की पाहिलं नव्हतं आणि उगाच बोलून गेला? त्या पाठीवरून काही कळेना. पुढची कित्येक वर्षं, तो पडवीत काम करत असताना, ती अशीच त्याच्या पाठीकडे बघणार होती.

काकू मात्र मागं रेंगाळली आणि आपल्या जावयाचा कोट ओढून कुजबुजली, "बाल्टेस, तुला म्हणून सांगते. त्या घरात आज सकाळपासून चूल पेटलेली नाही. पाव मी नेला होता."