विषम थोरल्याला, सम धाकट्याला

चित्रकथांच्या प्रदर्शनाचं दार उघडलं आणि धाकटा थेट टेबलांकडे सुटला. बाकीचे फोटो काढत होते. पुठ्ठ्याची चिलखतं, रबरी मुखवटे, पाठीवर चादर बांधून पोट आत ओढून उभे असलेले बाप्ये. वर्षभर साहेबाच्या शिव्या खायच्या आणि एक दिवस जगाचा तारणहार व्हायचं, तेही तिकीट काढून. धाकट्याला त्यातलं काही नको होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांची सुटका करणं हा त्याचा रोजचा धंदा होता आणि त्यासाठी कोणी त्याचा फोटो काढला नव्हता.

त्याच्या मागे चाकांची बॅग खडखडत होती. बॅगेत ‘पोलादी पाकोळी’चे चाळीसच्या चाळीस अंक होते. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पाकिटात, पाठीला पुठ्ठा. एकोणचाळीस अंक असे कोरे, की छापखान्यातून सकाळीच आल्यासारखे. चोविसावा मात्र मळका. कोपरे मुडपलेले, मधलं पान चिकटवलेलं, आणि मुखपृष्ठावरच्या खलनायिकेला, मॅडम वाळवीला, शाईपेनाने काढलेल्या मिशा.

दातात तूस अडकावं तसा तो अंक त्याला सलत होता. आज तर जास्तच. कारण पाकोळीचा चित्रकार आज येणार होता. म्हातारा नव्वदीला टेकलेला. हात थरथरतो, म्हणून तो एकच दिवस बसणार आणि फक्त पूर्ण संच आणणाऱ्यालाच सही देणार, तीही एकच, पहिल्या अंकावर. पुढच्या वर्षी म्हातारा असेल की नाही, हे कोणी बोलत नव्हतं, पण प्रत्येक जण तोच हिशेब करून आला होता. संग्राहक म्हणजे काय, तर सभ्य कपड्यातलं गिधाड.

चोविसावा अंक छापला तेव्हा छापखान्यात संप झाला होता. थोड्याच प्रती बाहेर पडल्या. धाकट्याने आजवर कोरी प्रत पाहिलेली नव्हती. पण आज इतकी टेबलं लागली होती, कुठेतरी असेल. नसली तरी मळकी आहेच, संच काही अडत नव्हता. एवढं असून त्याला धीर नव्हता. एका टेबलावरची पेटी अर्धी चाळायची, तोवर डोळे पुढच्या टेबलावर. पायाला भिंगरी लागल्यासारखा तो फिरत होता, आणि बॅगेची चाकं लोकांच्या पायांवरून जात होती.

हे अंक मुळात दोघा भावांचे. लहानपणी दोघांनी मिळून जमवलेले, एकाच गादीवर उपडं पडून वाचलेले. मग बाप गेला, बायकांचं पटेना, नळावरून वाजलं, आणि मामाला वाटणीला बोलावलं. मामा सरळ माणूस. सरळ माणसासारखा दुसरा उपद्व्यापी प्राणी नाही. त्याने ताटं वाटली तशीच पुस्तकं वाटली, एक ह्याला, एक त्याला. विषम अंक थोरल्याला, सम धाकट्याला. आयुष्यात चित्रांचं पुस्तक न उघडलेल्या मामाला कोण सांगणार की पाकोळीची प्रत्येक गोष्ट दोन अंकांची असते? पहिल्यात पाकोळी संकटात सापडते, दुसऱ्यात सुटते. थोरल्याच्या वाट्याला वीसच्या वीस संकटं आली आणि धाकट्याकडे नुसत्या सुटका. दोघांनाही ते तिथल्या तिथे कळलं होतं. पण आधी तोंड कोणी उघडायचं? दोघे मूग गिळून बसले, मधे भिंत उठली, आणि दोन वर्षांत दोघांनी ते घरही विकून शहराची दोन टोकं गाठली. तेव्हापासून बोलणं बंद.

धाकट्याने मग हट्टाने विषम अंक बाहेरून जमवले. जमवताना त्याला कोऱ्या प्रतींची चटक लागली. संग्राहकांची एक रीत आहे, तिला ते ‘चढवणं’ म्हणतात. चांगली प्रत मिळाली की आपली मळकी काढून टाकायची आणि तिच्या जागी चांगली चढवायची. धाकट्याने वाटणीत आलेल्या वीस सम अंकांपैकी एकोणीस एकेक करून चढवले. कोरी प्रत घेतली की त्याच दिवशी जुनी एखाद्या विक्रेत्याच्या खालच्या पेटीत टाकून मोकळा. कोणाच्या मिशा, कोणाची नावं, चहाचे डाग, सगळं गेलं. राहिला तो चोविसावा. बायको एकदा म्हणाली होती, माणसं म्हातारपणी आठवणी जपतात, तुम्ही त्या खोडरबराने पुसताय आणि वर प्लास्टिक घालताय. त्यावर त्याने तिला हात धुऊन, कोरडे करून मग पुस्तकाला लावायला सांगितलं होतं. तेवढंच.

कोपऱ्यातल्या टेबलावर टकलू बसला होता. हा जुना विक्रेता, धाकट्याचा ओळखीचा. धाकट्याने कोऱ्या चोविसाबद्दल विचारलं, तसा टकलू हसायला लागला. म्हणाला, आज चोविसाचाच दिवस आहे वाटतं, सकाळपासून आणखी एक जण मागून गेलाय.

“कोण?”

“दरवर्षी येतो. तू पहिल्या दिवशी येतोस ना, तो दुसऱ्या दिवशी. यंदा म्हाताऱ्यामुळे आजच आला.” टकलूने पुढे वाकून आवाज उतरवला. “पण येडं आहे. त्याला कोरा नकोय. मळका पाहिजे म्हणतो. बाईला मिशा काढलेला.”

धाकट्याने बॅगेचा दांडा घट्ट धरला आणि चालायला लागला. कोणत्या बाजूला, ते त्यालाही कळत नव्हतं.

आता तो अंक शोधत नव्हता, माणूस शोधत होता, आणि सापडू नये म्हणून शोधत होता. प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे बघून दचकायचा. एका मुखवट्याआडून कोणीतरी खोकलं, तर हा खांबामागे. दुपारपर्यंत त्याने घशाखाली पाणीसुद्धा उतरवलं नाही. मनात एकच गरगर. तो मळका अंक घेऊन थोरला काय करणार? विषमात सम घालणार? म्हणजे बाकीचे एकोणीस कुठून आले? उत्तर त्याला माहीत होतं. डॉक्टरने सांगायच्या आधी रोग्याला माहीत असतं तसं.

चित्रकाराच्या नावाचा पुकारा झाला आणि रांग लागली. धाकटा धावला. रांग फार मोठी नव्हती, चाळीस अंक कोणाकडे असतात? पाच-सहा जण. शेवटच्या माणसाच्या पायाशी काचा वाहायची लाकडी पेटी होती, दोन्हीकडे दोरीचे कान असलेली. आत काचांसारखी पुस्तकं उभी लावलेली, दर दोहोंमधे जाड कापडाची पट्टी. धाकट्याने वर बघितलंच नाही. काच कापणारी बोटं त्याला ओळखू आली, अंगठ्यावरचा जुना व्रण ओळखू आला.

माघारी फिरावं तर मागे दोघे येऊन उभे राहिले होते.

थोरल्याने मान वळवली. बघितलं. पुन्हा समोर तोंड केलं. रांग एक पाऊल सरकली. थोरल्याने पेटी पायाने ढकलली, धाकट्याने बॅग ओढली. पेटीत वरून दिसत होतं: दुसरा अंक, त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ. सहावा, त्यावर धाकट्याने पहिलीत गिरवलेलं स्वतःचं नाव, उलटं. अठरावा, ज्याचं पान फाटलं म्हणून आईने दोघांनाही बडवलं होतं. सगळे होते. फक्त तेवीस आणि पंचवीस यांच्या मधे कापडाच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

“तू टाकायचास,” थोरला समोरच बघत म्हणाला, “आणि दुसऱ्या दिवशी मी उचलायचो.”

धाकट्याने मागे वळून बघितलं, मागचे दोघे हलले नव्हते. चोराला पकडलं तर चोर निदान पळतो तरी.

रांग आणखी सरकली. थोरला पुन्हा बोलला, आता आवाजाला धार होती. सांगत होता की पहिल्यांदा टकलूच्या पेटीत चौथा अंक दिसला तेव्हा त्याला वाटलं धाकट्याच्या घरी काही बरंवाईट झालं. माणूस मेल्यावरच घरचे अशा वस्तू बाहेर काढतात. दोन आठवडे त्याने चौकशी केली, फोनपाशी घुटमळला, शेवटी कोणाकडून तरी कळलं की स्वारी ठणठणीत आहे, नुसती पुस्तकं कोरी करतेय. त्या दिवशी त्याने ठरवलं, आता ह्याच्याशी मेल्यावरच बोलायचं.

“मग आज कशाला बोलतोयस?” धाकटा म्हणाला.

“रांग आहे म्हणून.”

समोरचा माणूस सही घेऊन बाजूला झाला. टेबलामागे चित्रकार खुर्चीत बुडून बसला होता, आणि अंक मोजायला त्याची मुलगी, तीही साठीची. तिने थोरल्याची पेटी उघडली, बोटाने अंक मोजत गेली आणि चोविसावर थांबली. एक कमी आहे, म्हणाली. नियम नियम आहे, माफ करा.

थोरल्याने मान हलवली. त्याला ते ठाऊकच होतं. तरी तो रांगेत उभा राहिला होता. मागायचं नाही, पण भावाच्या छातीवर येऊन उभं राहायचं. हा स्वभाव बापाचा, दोघांनी निम्मानिम्मा उचललेला, त्याला मामाची गरज पडली नव्हती.

धाकट्याने बॅगेची चेन ओढली. चोविसावा काढला, प्लास्टिकचं पाकीट फाडलं आणि अंक पेटीत त्या दोन पट्ट्यांच्या मधे खुपसला.

थोरल्याने तो लगेच बाहेर काढला. “मी मागितला का?”

“ठेव.”

“मला विकत घेतलेला चालतो. दिलेला चालत नाही.”

“देतंय कोण?” धाकट्याचा आवाज चढला, रांगेतले लोक बघायला लागले. “मी माझे वीस परत मागतोय. सम माझे. मामाने दिलेत.”

“तू फेकलेस ते.”

“फेकले तरी माझे.”

“लाज आहे का तुला, चिमट्या?”

चिमट्या. पोरपणी हाडकुळा होता म्हणून थोरल्याने ठेवलेलं नाव. बाप गेल्यापासून ह्या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती. धाकट्याने अंक थोरल्याच्या हातातून हिसकावला आणि पुन्हा पेटीत खुपसला. ह्या वेळी थोरल्याने काढला नाही.

मुलीने वैतागून विचारलं, बाबा दमलेत, सही करायची की नाही? आणि हा संच नक्की कोणाचा? दोघांनी एकदमच पेटी पुढे सरकवली. तिने दुसऱ्या प्रश्नाचा नाद सोडला आणि पहिला अंक म्हाताऱ्यापुढे उघडला. म्हाताऱ्याने आधी चोविसावाच मागून घेतला. मिशांवरून नख फिरवलं.

“हे मी नाही काढलं,” म्हणाला.

“मी काढलंय,” थोरला म्हणाला.

“वळण चांगलं आहे.” आणि म्हाताऱ्याने पहिल्या अंकावर सही करायला घेतली. एका सहीला त्याला इतका वेळ लागला की मागचे लोक चुळबुळायला लागले.

मुलीने धाकट्याची बॅग पुढे ओढली आणि मोजायला लागली. एकोणचाळीस कोरे. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. म्हणाली, तुमच्यातही एक कमी आहे. धाकटा म्हणाला, माहीत आहे, आणि चेन लावून टाकली. ज्या सहीसाठी वर्षानुवर्षं मरमर केली, ती अशी डोळ्यांदेखत दुसऱ्या पेटीत गेली. लोक म्हणतात अशा वेळी मन हलकं होतं. काही हलकं होत नाही. त्याचे पाय निघायला उतावळे झाले होते.

थोरल्याने पेटीचा एक कान धरला. धाकट्याने दुसरा धरला.

“सोड, मी नेतो.”

“तू सोड. निम्मे माझे आहेत.”

“मग काढ तुझे निम्मे इथेच. पुन्हा कर वाटणी.”

धाकट्याने सोडलं नाही. पेटी दोघांच्या मधे लोंबकळत, मुखवट्यांच्या गर्दीतून, लोकांच्या गुडघ्यांना लागत बाहेर निघाली. धाकट्याच्या दुसऱ्या हातात बॅग खडखडत होती. वाटेत थोरल्याने विचारलं, तुझी गुडघेदुखी कशी आहे, आणि विचारून स्वतःलाच शिवी दिली. धाकटा म्हणाला, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला त्रास होतो.

फाटकाबाहेर थोरल्याची बस डावीकडे, धाकट्याची उजवीकडे. दोघे थांबले. सही झालेला संच कोणाच्या घरी जाणार, हे बोलायला तोंड उघडायची पाळी आली होती, आणि एकदा उघडलं की आजचं, मागचं, नळाचं, सगळंच बाहेर पडणार होतं. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, पेटी खाली ठेवायला हवी. पण रस्ता धुणारी गाडी नुकतीच गेली होती आणि सगळी फरशी ओली होती. कागद ओल्यावर कोण ठेवणार?

“चल पुढे,” थोरला म्हणाला. “कोरडी जागा बघू आधी.”

दोघे पेटी उचलून चालायला लागले, जिकडे ओल कमी दिसत होती तिकडे.