बाहेरचा चोर

डायलिसिस केंद्राचा सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईला त्या दिवशी जेवायचीही शुद्ध नव्हती. कुणीतरी मेला चोर बाहेरून सर्व्हरमध्ये शिरून एका रुग्णाच्या वजनाचा आकडा बदलत होता, अठ्ठावन्न किलोचे साठ. पाणी काढून झाल्यावर वजन किती उरावं, ते मशीनला सांगणारा तो आकडा. दोन वाढवले की दोन लिटर पाणी अंगातच राहतं. परवा सिस्टरच्या नजरेतून ते सुटलं आणि रुग्ण रात्रभर धापा टाकत बसून राहिला. रुग्ण कोण, तर तिचे सख्खे वडील! आज दोन वाजता पुन्हा त्यांची पाळी होती.

पासवर्ड दोनदा बदलून झाला, तरी तेच. सर्व्हरच्या जुन्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या प्रणालीच्या गाभ्यात, बाहेरच्यांना अडवणाऱ्या फायरवॉलचे भाग धड नव्हतेच. कोण येतंय हेही कळेना. नवा कर्नल बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने कर्नलच्या भागांची यादी उघडली आणि फायरवॉलच्या एकेका ओळीपुढे 'एम' दाबलं. म्हणजे तो भाग सुटा ठेवायचा, लागेल तेव्हा जोडायचा. चाळीस मिनिटं ओळी सरकत राहिल्या. मशीन नव्या कर्नलवर उठलं, तिने पहिला नियम टाकला, तर उत्तर आलं, असा भागच सापडत नाही.

"अरे देवा!" सुटे भाग तयार झाले होते, पण ते जागेवर ठेवायची आज्ञाच द्यायची राहिली होती. घाईत अक्कल गहाण पडते ती अशी. तिने ती आज्ञा दिली आणि नियम पुन्हा टाकला. आता केंद्राबाहेरून येणारा प्रत्येकजण अडणार होता आणि त्याचा इंटरनेटवरचा पत्ता नोंदला जाणार होता.

"ये आता, बघतेच तुला," ती पुटपुटली.

पावणेदोनच्या आधी पहिली नोंद पडली. पत्ता तिने दोनदा वाचला. तो तिला पाठ होता. तिच्याच घरचा. घरी तिचा लॅपटॉप होता, त्यात प्रत्येक नवा पासवर्ड आपोआप साठवलेला, आणि या वेळी घरात बाबांशिवाय कुणी नव्हतं.

दोनला बाबा आले आणि गुपचूप पलंगावर आडवे झाले. ती जवळ गेली.

"बाबा, साठ तुम्ही करत होता?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "पाणी ओढतात तेव्हा पायांत गोळे येतात गं. जीव नकोसा होतो."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं की. दोनदा. तू म्हणालीस, बाबा, आधी हा चोर पकडू दे."