गालातला खेकडा

वसुमतीच्या गालात खेकडा शिरला होता. निदान ती घरात तसंच सांगायची, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

वेड्यांच्या इस्पितळातून ती डहाणूला धाकट्या भावाकडे आली, त्याला बरेच महिने झाले होते. कानात आवाज यायचे, ते अजूनही यायचे. पण ती भाकऱ्या भाजायची, चिकू निवडायची, भाची नयनाच्या वेण्या घालायची. भाऊ गोपीनाथ रेल्वेत तारबाबू. त्यानं मायेपोटीच घरातलं टोकदार सगळं कपाटात कोंडलं होतं: सुया, कात्री, करंजाचं दातवणसुद्धा. काडी घशात घातली तर? राखुंडीही नको, खाऊन टाकेल. सकाळी अक्काच्या वाट्याला नुसती पाण्याची चूळ.

मग खेकडा आला. तिनं जेवण सोडलं, गाल भिंतीवर घासू लागली, एकदा ताट भिरकावलं. शेजारी म्हणाले, पुन्हा फिरलं हिचं. गोपीनाथनं रविवारी तिला इस्पितळात परत पोचवायचं ठरवलं. वसुमतीनं ते दाराआडून ऐकलं.

नयना नुकतीच शाळेत आरोग्यमंत्री झाली होती. वर्गातल्या पोरांची नखं नि दात तपासताना तिचा तोरा काय विचारता! तसलाच तोरा घेऊन ती आत्यापुढे उभी राहिली.

"आत्या, आ कर. बघू तो खेकडा."

"तू हसशील."

"खेकड्याला कोण हसतं? आपण त्याचं कालवण करतो."

वसुमतीला हसू फुटलं, तोंड उघडलं. नयना आत डोकावली. मग तिनं बाबांना हाताला धरून ओढत आणलं. दाढ काळी पडून पार पोखरली होती, हिरडी पुवानं टरारली होती.

गोपीनाथनं वाकून पाहिलं. "अक्का, आम्ही तुला साधं दातवणही दिलं नाही गं."

डॉक्टरांनी दाढ काढली. रविवारची गाडी आली नि गेली. वसुमती ओट्यावर बसून मऊ भात खात होती. आवाज होतेच, पण ठणका नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथनं करंजाची काडी स्वतः ठेचून, टोक मऊ करून तिच्यापुढे धरली. वसुमतीनं आधी नयनाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग काडी घेतली, आणि मंत्रीणबाईंनी सांगायच्या आतच आ केला.